तीन पाण्यांनी धुतलेला चुरा

टाकीच्या पायथ्याचा नळ मी स्वतः उघडला. खाली बीकर धरला आणि पाणी आलं ते अगदी नितळ, बीकरपलीकडची बोटं मोजता येतील असं.

“टिकेकर, पेढे काढा आता!” भडकमकर सर मागून म्हणाले. पुण्याहून इथे येऊन त्यांना चार वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

मला मात्र पेढ्यांचं काही सुचेना. बीकर भरताना माझी बोटं ओली झाली होती आणि ती एकमेकांवरून घसरत होती. हातावरचा साबण नीट धुतला गेला नाही की घसरतात, तशी. मी खिशातून चाचणीचा कागद काढून पाण्यात बुडवला. तो बघता बघता गडद जांभळा झाला. पाणी दिसायला झऱ्याचं आणि अंगाने चुन्याची निवळी.

“सर, ह्यात मासा जगणार नाही.”

“मोहदरीचे लोक किती वाजता येतायत?”

“तीनला.”

सरांनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा झाले होते. त्यांचा चेहरा उतरला तो मला अजून आठवतो, आणि ह्या गोष्टीला आता सदतीस वर्षं झाली.

वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या थराबरोबर एक काळा, पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड निघतो. खाणवाले तो फेकून देत. हा दगड बंद भट्टीत भाजला तर त्यातून तेल निघतं, असं आमच्या कंपनीला कोणीतरी पटवून दिलं होतं. निघत होतंही, अगदी बेताचं. त्या तेलाबरोबर निघायचं तांबडंकाळं पाणी. दवाखान्याची फरशी पुसतात त्या औषधाचा उग्र वास त्याला यायचा आणि घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ केली तरी केसांत राहायचा. दगड भाजून उरायचा तो चुरा, त्याचा कारखान्यामागे डोंगर झाला होता. थोडक्यात काय, तेल वाटीभर आणि घाण दोन प्रकारची, गाडाभर. पाणी साठवायचे खड्डे भरत आले होते. ते पाणी स्वच्छ करून शेजारच्या मोहदरी गावच्या नाल्यात सोडायची परवानगी मिळाली नाही, तर महिन्याभरात भट्टी बंद करायची, असं कंपनीने कळवलं होतं. भट्टीवर बेचाळीस माणसं होती.

त्यावर तोड मी काढली होती. मी सत्तावीस वर्षांची होते, आणि त्या वयात माणसाला स्वतःची हुशारी फार लवकर पटते. चुऱ्यात भाजल्यानंतरही कोळशाचा अंश राहतो, मग त्याच चुऱ्यातून ते पाणी गाळलं तर? मी लॅबमध्ये हातभर उंचीची काचेची नळी उभी केली, तिच्यात चुरा भरला, वरून ते घाणेरडं पाणी सोडलं. खालून आलं ते पाण्यासारखं पाणी! रंग नाही, वास नाही, अंगाला लागणारं काही नाही. एकदा नाही, एकतीस वेळा. एका घाणीने दुसरी घाण साफ होत होती आणि खर्च शून्य. मोठ्या बरणीत मी ते पाणी साठवत गेले. तिच्यात चार मासे सोडले, ते आठवडाभर मजेत पोहले.

नळी रोज सकाळी ताज्या चुऱ्याने भरायचं काम सुगंधाबाई टेकामचं. लॅबची झाडलोट, काचेची भांडी घासणं हेही तिच्याकडेच. चाळिशीची, बुटकी, चालताना एका बाजूला झुकणारी बाई. सासर मोहदरीचं, माहेर तिकडे मूल गावाच्या पलीकडे भाताच्या मुलखातलं. मी तिला अहो-जाहो करायचे, म्हणजे मी स्वतःला भलतीच सुधारलेली समजत होते. ती सातला यायची आणि मी दहाला. मी येईपर्यंत नळी भरून तयार असायची. तिला मी एकदाच दाखवलं होतं, चुरा चाळायचा कसा आणि नळीत भरायचा कसा. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही, ह्याचं मला कौतुक होतं. आणखी खोलात जायची गरज वाटली नाही.

लॅबच्या मागे एक पपईचं झाड होतं. त्या उन्हाळ्यात ते उभ्या उभ्या वाळलं.

“सुगंधाबाई, तुमच्या हातगुणाने गेलं की काय झाड?” मी एकदा थट्टेत म्हटलं.

“तसंच असन जी,” ती म्हणाली, आणि मी हसले. ती हसली होती का, ते आठवत नाही.

परवानगीसाठी मोहदरीच्या ग्रामसभेत मीच गेले होते. बरणीतल्या माशांची गोष्ट रंगवून सांगितली. सरपंच गुलाबराव मत्ते शांतपणे ऐकत बसले होते. कपाशीची शेती करणारा, कमी बोलणारा माणूस.

“तुमच्या बरणीत काय हाय ते तुमाले माईत,” ते म्हणाले. “आमी आमच्या नाल्यातल्या मासोया आणतो. आमच्या डोयासमोर त्या पाण्यात सोडा. घंटाभर जगल्या तं ठराव करून देतो.”

“तासभर कशाला, दिवसभर ठेवा!” मी म्हटलं. लोक हसले, मीही हसले. बोलून गेले खरी.

मग मोठी टाकी बांधली. भट्टीतून निघालेला चुरा चाळून ट्रॉलीने तिच्यात ओतला, अहवालात मी लिहिलं होतं अगदी तसाच: भट्टीतून निघालेला, चाळलेला. दगड तोच, भट्टी तीच, पाणी तेच. आणि आता नळातून हे येत होतं.

“आम्ल घाला,” सर म्हणाले. “जोर मोडेल त्याचा.”

“एवढ्या टाकीत? तेवढं आम्ल नागपूरहून आणावं लागेल.”

“टाकीत नाही. माशांच्या भांड्यात.”

“आणि नाल्यात सोडू तेव्हा?”

“नाल्याचं नंतर बघता येईल, टिकेकर. आज ठराव.” एवढं बोलून ते ऑफिसात गेले.

मी टाकीच्या पायरीवर बसून राहिले. वही उघडली, एकतीस दिवसांचे आकडे पुन्हा वाचले. कुठे चुकलं ते काही केल्या सापडेना. रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता. तेवढ्यात सुगंधाबाई खराटा आणि बादली घेऊन आली. पाहुणे येणार म्हणून शेजारी मांडव घातला होता आणि टाकीभोवती झाडायचं होतं. झाडून झाल्यावर तिने नळाखाली हात धरला आणि झटक्यात मागे घेतला.

“अगं माय! हे तं पह्यलं पाणी हाय.”

“पहिलं म्हणजे?”

“चुऱ्याचं पह्यलं पाणी. हात खाते ते. दुसरं बी खाते, पण कमी. तिसरं चांगलं येते.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

“सुगंधाबाई, तुम्ही चुरा धुता?”

“मंग? न धुता भरीन का जी?” तिला माझा प्रश्नच चमत्कारिक वाटला. “सांजेले जातानी भिजू घालतो. सकाळी आली का तीन पाणी देतो चांगले चोळून, मंग तुमच्या नळीत भरतो. काऊन? नाई धुवाचा व्हता?”

“पण मी धुवायला कधी सांगितलं?”

“तुमी चाळाले सांगतलं. धुवाचं काय सांगा लागते? तांदूय रांधाचे असले तं कोणी सांगते का, धू म्हणून?” मग तिचा आवाज खाली आला. “काही बिघडलं का माया हातानं?”

काही बिघडलं नव्हतं. उलट माझं सगळं जे जमलं होतं ते तिच्या हाताने जमलं होतं. ज्या रीतीवर मी माझं नाव घालून अहवाल पाठवला, त्या रीतीतली महत्त्वाची पायरी मला ठाऊकच नव्हती. भातवाल्या मुलखातली बाई ती रोज सकाळी करत होती, कारण भांड्यात काही घालायचं तर आधी तीन पाण्यांनी धुवायचं असतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

“आणि ते पहिलं पाणी टाकत होतात कुठे?”

तिने नुसतं लॅबच्या मागे पाहिलं. पपईचा खुंट इथूनही दिसत होता.

“मले वाटलं तुमाले समजलं,” ती म्हणाली. “तुमी हातगुणाचं बोलल्या त्या दिवशी.”

मी तिचे हात हातात घेतले. तीन महिने रोज सकाळी मी ह्या हातांतून बीकर घेतला होता, चहा घेतला होता. तळव्यांची साल गेली होती. बोटांच्या पेरांशी भेगा पडल्या होत्या आणि त्यांत तिने कसलंसं तेल भरलं होतं. लॅबमध्ये ती जिथे चुरा धुवायची तिथेच वर खिळ्याला रबरी हातमोजे टांगलेले असायचे. ते माझे होते, आणि माझे आहेत म्हणून तिने त्यांना हात लावला नव्हता.

“हे दाखवलं का नाहीत मला?”

“दाखवाचं काय जी त्याच्यात? काम हाय ते.”

मी धावत सरांकडे गेले. सगळं सांगितलं. टाकीतला चुरा धुवायचा तर अशाच दहा टाक्या पाणी लागेल, आणि ते धुतलेलं पाणी आजच्या ह्या पाण्याइतकंच जहाल असेल. म्हणजे माझ्या रीतीने घाण संपत नव्हती, नुसती जागा बदलत होती. त्यावर उपाय निघेल, पण आज नाही, दोन-चार महिने लागतील.

सरांनी चष्मा काढून पुसला. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. भट्टीवरच्या माणसांच्या मुलांना ते रविवारी गणित शिकवत.

“बरणीतलं पाणी आहे ना तुमच्याकडे?” ते म्हणाले. “तोच चुरा, तेच सांडपाणी, फक्त धुतलेल्या चुऱ्यातून आलेलं. माशांच्या भांड्यात ते घाला. ह्यात खोटं काय आहे? दोन महिन्यांनी टाकीतूनही तसंच यायला लागेल. तोवर बेचाळीस घरांत चूल पेटायला नको का?”

मी हो म्हटलं.

इथे मला काही सारवासारव करायची नाही. मी फार विचारही केला नाही. सुटल्यासारखं वाटलं, हे खरं आहे. मी लॅबमध्ये आले आणि सुगंधाबाईला सांगितलं, “पावणेतीनला ही बरणी मांडवात न्या आणि काचेच्या टाकीत हेच पाणी भरा. त्या मोठ्या टाकीचं नको. बरणीतलं. लक्षात येतंय ना?”

तिने बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हाओ जी,” ती म्हणाली.

तीनला मोहदरीचे पंधरावीस लोक आले. मत्त्यांच्या हातात पितळी घागर होती, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. मांडवात टेबलावर आमची काचेची टाकी भरून ठेवली होती, पाणी असं की टेबलावरची चादर आरपार दिसावी. सरांनी छोटं भाषण केलं. मत्त्यांनी फडकं सोडलं आणि घागर हळूच तिरकी केली. बोटाएवढ्या सहा मासोळ्या पाण्यात गेल्या.

पहिल्यांदा त्या नुसत्या फिरल्या. माणसं पुढे वाकली. मग एक मासोळी काचेवर जोरात आपटली, दुसरी पाण्याबाहेर उडाली. सगळ्याच वेड्यासारख्या धावू लागल्या. मी पुढे होऊन पाण्यात दोन बोटं घातली आणि एकमेकांवर चोळली. ती घसरली. दहाएक मिनिटांत सहाही पोट वर करून तरंगत होत्या.

कोणी आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं.

“हे पाणी कोणी भरलं?” सरांनी विचारलं.

“मी भरलं,” सुगंधाबाई मांडवाच्या कडेला उभी होती.

“कुठून आणलंस?”

“टाकीतून. मोठ्या.”

“तुला काय सांगितलं होतं?”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्यात, रागही नव्हता. मी काय बोलते एवढंच ती बघत होती. ती खरं बोलली असती तर गावापुढे आमची अब्रू गेली असती, आणि ती गप्प राहिली तर तिची नोकरी जाणार, हे मला एका क्षणात दिसलं.

“मी सांगितलं होतं, सर,” मी म्हणाले. “मोठ्या टाकीतलंच पाणी आणा म्हणून. नाल्यात जे जाणार तेच गावाला दाखवायला हवं.”

आणि एकदा तोंड उघडल्यावर मी थांबले नाही. चुरा धुवावा लागतो, तो आम्ही धुतला नाही, धुतलेल्या पाण्याचं काय करायचं ते अजून आम्हाला माहीत नाही, सगळं सांगितलं. सर खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. मत्त्यांनी मेलेल्या मासोळ्या एकेक करून ओंजळीत घेतल्या. त्यांना फडक्यात गुंडाळून घागरीत ठेवलं.

“बाई, तुमी खरं बोलल्या,” जाताना ते म्हणाले. “ठराव काही होत नाई. पण तुमी खरं बोलल्या, हे आमी ध्यानात ठेवू.”

संध्याकाळी लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो. बरणी जिथल्या तिथे होती, तोंडापर्यंत भरलेली.

“ही नेली का नाहीत तुम्ही?”

“नेली व्हती. मांडवापर्यंत नेली.” ती भांडी विसळत होती. “मंग वापस आणली.”

“का?”

“मायी सून रोज नाल्यावर धुणं धुते जी,” ती म्हणाली. “मले तं हातानं समजलं, पह्यलं पाणी कोणतं अन् तिसरं कोणतं. तिले कोण सांगन?”

मी खिळ्यावरचे हातमोजे काढून तिच्यापुढे धरले. तिने एक घालून पाहिला. तो तिच्या हाताला मोठा होत होता. तिने तो उलटा करून परत खिळ्याला अडकवला.

“आता कायले? धुणं तं सरलं,” ती म्हणाली. मग पुन्हा भांडी विसळत, “तुमी खोटं काऊन बोलल्या पण?”

“तुमची नोकरी जाऊ नये म्हणून.”

“मायी?” ती खरोखर चकित झाली. “मले वाटलं, तुमची.”

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मी परतवला असता.

महिन्याभरात भट्टी बंद झाली. बेचाळीस माणसं गेली, त्यांच्याबरोबर सुगंधाबाईही गेली. धान कापणीला माहेराकडे गेली, एवढंच कळलं. मी दोन पत्रं टाकली, पण तिला वाचता येत नव्हतं आणि मला गावाचा नीट पत्ता ठाऊक नव्हता.

माझं मात्र बस्तान बसलं. मांडवातली गोष्ट कंपनीतून बाहेर पडली आणि फिरत फिरत मोठी होत गेली. एक तरुण मुलगी वरिष्ठांना न जुमानता विषारी पाणी गावासमोर ठेवते, हे लोकांना फार आवडलं. त्याच नावावर मला पुढची नोकरी मिळाली, पुढे समित्यांवर बोलावलं गेलं. पुढे ती रीतही मी पूर्ण केली: चुरा तीन वेळा धुवायचा, धुतलेलं पाणी वेगळं घेऊन त्याचा जोर मोडायचा, मग गाळायचं. निबंधावर दोन नावं आहेत, माझं आणि भडकमकर सरांचं. तीन वेळाच का, चार का नाही, असं एका परीक्षकाने विचारलं होतं. अनुभवाने ठरवलं, असं मी उत्तर पाठवलं.

गेल्या महिन्यात एका संस्थेने माझा सत्कार केला. सूत्रसंचालक मुलीने ती सहा मासोळ्यांची गोष्ट सांगितली. छान सांगितली, सभागृहात टाळ्या पडल्या. मी उठून दोन शब्द बोलले, आभार मानले आणि खाली बसले. सुगंधाबाईचं नाव ओठांपर्यंत आलं होतं. घरी आल्यावर रात्रीचा भात लावायला तांदूळ धुतले, तिसरं पाणी ओतलं आणि हात तसाच पातेल्यात राहिला. ती आज असली तर ऐंशीच्या आसपास असेल. मोहदरीतल्या कोणाच्या हाती हे पडलं, तर तिला वाचून दाखवावं.

ते पाणी मी आणायला सांगितलं नव्हतं.